अपील जिंकलं, तरी अपंगांचा पगार खात्यावर का येत नाही?

एसी साहेबांनी (असिस्टंट कमिशनर, म्हणजे आपले प्रांत) आईच्या बंद पडलेल्या अपंग पगाराचं, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मासिक पेन्शनचं, अपील मंजूर करून तीन महिने झाले, पगार आला नाही, आता थांबू की कोर्टात जाऊ, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही नको. तहसीलदार कचेरीत जा.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी भागातला. डावा पाय पोलिओचा, प्रमाणपत्र ५० टक्क्यांचं, म्हणून महिन्याला ८०० रुपये. (७५ टक्क्यांच्या वर १४००.) पडताळणीला आलेल्यांना मी घरात सापडलो नाही आणि 'पत्त्यावर राहत नाही' म्हणून माझं नाव कमी झालं. मी तेव्हा कागलच्या एमआयडीसीत कामाला होतो, सकाळची एसटी पकडून जायचं आणि दिवेलागणीला परत. दिवसा घरात कोण असणार? चिकोडीला अपील केलं, चार तारखांना हेलपाटे घातले, जिंकलो. त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. पैसे आले सहा महिन्यांनी.

एसींचा आदेश म्हणजे पैसे नव्हेत, हे मला फार उशिरा कळलं. तो आदेश तहसीलदार कचेरीच्या टपालात, म्हणजे आलेले कागद नोंदवून घेतात त्या टेबलावर जातो, तिथून पगाराचं काम बघणाऱ्या केसवर्करच्या टेबलावर. तो फाईल पुन्हा उघडतो, तहसीलदारांचा नवा मंजुरी आदेश होतो, मग नाव खजान्याकडे जातं. माझा कागद टपालातच दोन महिने पडून होता. मी मात्र दर आठवड्याला चिकोडीला जाऊन 'साहेब, पैसे?' विचारत होतो. ते बिचारे काय सांगणार!

तेव्हा आदेशाची प्रमाणित प्रत घ्या, वर दोन ओळींचा अर्ज जोडा आणि टपालात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख नि नंबर घ्या. अर्ज कन्नडमध्ये असला तर काम लवकर हलतं. हे पटो न पटो, माझा अनुभव तसा आहे. शिक्का घेऊनही महिनाभर काही हललं नाही, तर १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून माहिती अधिकारात एवढंच विचारा: अमुक नंबरचा कागद आज कुणाच्या टेबलावर आहे? त्यांना ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. माझ्या बाबतीत उत्तर यायच्या आधी फाईलच हलली.

एवढं होऊनही पैसे आले नाहीत, कारण माझं आधार. पूर्वी पोस्टमन दारात मनिऑर्डर आणून द्यायचा, आता पैसा आधारवर येतो. म्हणजे अर्जात लिहिलेल्या खात्यावर नव्हे, तर तुम्ही शेवटी ज्या खात्याला आधार सीडिंग केलं, म्हणजे सरकारी पैसे घ्यायला आधार जोडलं असेल तिथे. पासबुकावर आधार नंबर छापलेला असला म्हणजे सीडिंग झालं असं नाही, बँकेत लोक इथंच फसतात. माझं सीडिंग कारखान्याने कागलला काढून दिलेल्या खात्याला होतं आणि ते खातं कधीच बंद पडलेलं. 'माय आधार' संकेतस्थळावर आधारला जोडलेल्या मोबाईलवर येणारा ओटीपी टाकला की सीडिंग कुठल्या बँकेत आहे ते कळतं. आईला गृहलक्ष्मीचे (घरातल्या कर्त्या बाईला कर्नाटक सरकार महिन्याला देतं ते) २००० येत असतील तर सोपंच, ते ज्या खात्यात येतात तेच बघा. 'डीबीटी कर्नाटक' ॲपवर कुठल्या योजनेचे पैसे कधी, कुठल्या खात्यात गेले तेही दिसतं.

थकबाकीचं आदेशातल्या एका ओळीवर ठरतं. माझ्यात 'थांबवल्या तारखेपासून' असं होतं, म्हणून अकरा महिन्यांचे ८८०० एकदम आले. माझ्याबरोबर जिंकलेल्या एका मावशींच्या आदेशात नुसतं 'मंजूर' होतं, त्यांना मागचा एक रुपयाही मिळाला नाही. तुमच्या आईच्या आदेशात काय लिहिलंय, ते कन्नड वाचणाऱ्या कुणाकडून तरी आजच वाचून घ्या की.