वाचकांचे प्रश्न : गिटारचा नेक हाताला कसा मानवेल?

प्रश्न : माझे हात लहान आहेत. दुकानात सुचवले म्हणून पातळ नेकची (म्हणजे मुठीत धरायच्या लांब दांडीची) इलेक्ट्रिक गिटार घेतली. पहिल्या फ्रेटपाशी (नेकवरच्या धातूच्या पहिल्या आडव्या पट्टीपाशी) जाडी १९ मिलिमीटर. तरी वीस मिनिटे रिदम वाजवली की अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. आता जाड नेकची घ्यावी का?
— वाचक, सिंहगड रोड, पुणे

उत्तर : लहान हात म्हणजे पातळ नेक, हा सल्ला सरसकट दिला जातो आणि बहुतेक वेळा तोच नडतो. पातळ नेक धरल्यावर तळहाताला टेकायला काही उरत नाही. अंगठा आणि बोटे चिमट्यासारखी एकमेकांवर दाबली जातात आणि बार कॉर्डचा (एकाच बोटाने तारा आडव्या दाबून धरायच्या कॉर्डचा) सगळा भार अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या स्नायूवर येतो. अंगठा नेकमागे मधोमध ठेवून वेगाने एकेक सूर वाजवणाऱ्याला हाच नेक आवडतो. तुम्ही रिदम वाजवता, तुमची गरज वेगळी आहे.

वाजवताना अंगठा कुठे असतो ते आरशात पाहा. तो वरच्या कडेवरून डोकावत असेल, तर नेकच्या पाठीचा गोलसर ‘सी’ किंवा मऊ कण्याचा ‘व्ही’ आकार बरा (ही अक्षरे नेकच्या आडव्या छेदाचा आकार सांगतात). ‘व्ही’चा कणा अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात नीट बसतो. अंगठा मागेच राहत असेल, तर सपाट पाठीचा ‘डी’ पाहा. फेंडर कंपनीचा ‘मॉडर्न सी’ नेक पहिल्या फ्रेटवर साधारण २१ आणि बाराव्यावर २३ मिलिमीटरच्या आसपास असतो. आयबानेझ कंपनीचा ‘विझार्ड थ्री’ १९ आणि २१. कागदावर फरक दोनच मिलिमीटरचा, हातात मात्र लगेच कळतो.

पण जाडीचा आकडा अर्धेच सांगतो. नेकचे खांदे, म्हणजे फ्रेटबोर्डच्या (फ्रेट बसवलेल्या पुढच्या फळीच्या) कडेपासून पाठीकडे वळणारा भाग, भरीव आहेत की उतरते, यावर मुठीतली जाणीव ठरते. त्यासाठी सेंटिमीटरभर रुंदीची कागदी पट्टी खिशात ठेवा. पहिल्या फ्रेटपाशी ती नेकच्या पाठीवरून या कडेपासून त्या कडेपर्यंत घट्ट फिरवा आणि पेनाने खूण करा. २१ मिलिमीटर जाडीच्या दोन गिटारींत ही लांबी वेगळी भरली, तर फरक खांद्यांचा. व्हर्नियरने जाडी मोजायची तर तारा सैल कराव्या लागतात, दुकानात ते जमत नाही.

लहान बोटांना जाडीपेक्षा जास्त जाचते ती स्केल, म्हणजे नटपासून (नेकच्या वरच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी) ब्रिजपर्यंत (गिटारच्या अंगावरचा तारांचा आधार) तारेची वाजती लांबी. ६४८ मिलिमीटर स्केलवर नटपासून चौथा फ्रेट सुमारे १३४ मिलिमीटरवर येतो, गिब्सनच्या ६२८ स्केलवर १३० वर. करंगळी ताणताना हे चार मिलिमीटर जाणवतात.

नवी गिटार घेण्याआधी एक तपासणी मात्र कराच. ‘एफ’ची बार कॉर्ड पहिल्या फ्रेटवर दुखते, पण तीच पकड पाचव्यावर सोपी जाते का? तसे असेल तर दोष नेकचा नसून बहुधा नटचा आहे. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या वरची फट पाहा. ती केसाएवढी हवी. व्हिजिटिंग कार्ड सहज सरकत असेल तर नटच्या खाचा उथळ आहेत. कारागिराकडून त्या खोल करून घ्या. त्याला नव्या गिटारच्या मानाने फारच कमी खर्च येतो.

प्रश्न : माझा नेक जाड आहे. घासून बारीक करता येईल का?
— वाचक, कोथरूड

उत्तर : घरी अजिबात नको. आत ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक सांभाळणारी धातूची सळई, असतो. पाठीचे लाकूड कमी केले की नेक लवचीक होतो आणि तारांच्या ताणाने वाकतो. मधली जाडी तशीच ठेवून खांदे अर्ध्या मिलिमीटरने उतरवणे कसलेल्या कारागिराला जमते आणि बऱ्याचदा तेवढे पुरते. घासलेल्या भागावर पुन्हा तेल किंवा लॅकर हवेच, नाहीतर पावसाळ्यात उघडे लाकूड ओल पिते. नेक स्क्रूने बसवलेला असेल तर बदलून घेणे जास्त खात्रीचे. स्केल तीच हवी, आणि फेंडर पद्धतीच्या गिटारमध्ये नेकच्या टाचेची (गिटारच्या अंगात बसणाऱ्या टोकाची) रुंदी ५६ मिलिमीटर असते, ती आधी मोजून घ्या. चिकटवलेल्या नेकला हा पर्याय नाही.

प्रश्न : एप्रिलपासून फ्रेटची टोके हाताला टोचतात आणि जुलैत नेक चिकट लागतो. आकार चुकला का?
— वाचक, औंध

उत्तर : नाही. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात फ्रेटबोर्डचे लाकूड आकसते, धातू आकसत नाही, म्हणून टोके बाहेर येतात. ती कारागिराकडून कानशीने गोल करून घ्या. चिकटपणा चकचकीत लॅकरचा आहे. राखाडी स्कॉच-ब्राइटने फक्त पाठ लांबीच्या दिशेने हलक्या हाताने घासा, चकाकी गेली की थांबा. स्टील वूल वापरणार असाल तर आधी पिकअपवर (तारांखालच्या, आवाज टिपणाऱ्या चुंबकांवर) मास्किंग टेप लावा. लोखंडाचे बारीक तंतू चुंबकाला चिकटले की सहज निघत नाहीत.