पोट बिघडलंच नव्हतं, मग सर्टिफिकेट कशाला?

ताई, मी ३१ वर्षांची. राहते ठाण्याला, फोर्टमधल्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. गेल्या महिन्याच्या २० तारखेला सकाळी सरांना 'पोट बिघडलंय, येत नाही' असा मेसेज टाकला. घरी नवऱ्याला, मुलांना मात्र काहीच बोलले नाही. नेहमीसारखा डबा घेऊन निघाले, भायखळ्याला उतरले आणि दिवसभर राणीच्या बागेत बसून राहिले. संध्याकाळी रोजच्या वेळेला घरी. आता एचआरने डॉक्टरचं सर्टिफिकेट मागितलंय. आमचे फॅमिली डॉक्टर मागची तारीख घालून देतील. आणू का? फार अपराधी वाटतंय.
– ठाण्याची एक वाचक

अजिबात आणू नकोस. आत्तापर्यंत ती एका ओळीची थाप आहे. सर्टिफिकेट दिलंस की खोटा कागद होईल, आणि त्यावर नोकरी जाऊ शकते. खोटं सर्टिफिकेट दिलं म्हणून डॉक्टरचं नाव वैद्यकीय नोंदणीतून काढता येतं. त्या भल्या माणसाला यात कशाला ओढतेस?

मुळात आजारी पडायची गरजच नव्हती. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ दिवस पगारी नैमित्तिक (कॅज्युअल) रजा आहे, आणि वर्षाअखेर उरली तर ती बुडते. त्या रजेला ताप यावा लागत नाही, 'घरगुती काम' लिहिलं की भागतं. पण साहेबाकडे नुसती रजा मागायला आपली जीभ रेटत नाही. म्हणून तर ऑफिसांतून एकेकाची आजी तीनतीनदा वारते.

तेव्हा एचआरला लिही, 'सर्टिफिकेट नाही. २० तारखेची रजा सिक लीव्हऐवजी कॅज्युअलमध्ये धरावी.' कॅज्युअल संपली असेल तर बिनपगारी. सरांनी विचारलंच तर 'पोट ठीक होतं सर, दमले होते, तसंच सांगायला हवं होतं' एवढं बोल आणि गप्प बस. पुराण लावू नकोस.

कंपनीबद्दल अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. मला खटकली ती तारीख. २० ला जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायचा शेवटचा दिवस असतो, हे अकाउंट्सवालीला मी सांगायला नको. आयत्या वेळी पोर्टल रखडतं, ओटीपी येत नाही आणि तारीख चुकली की दिवसाला ५० रुपये लेट फी, वर व्याज. तुझ्या वाटचं हे सगळं शेजारच्या टेबलावर कोणीतरी निस्तरलं असणार. पत्रात त्या माणसाचं नावनिशाण नाही! माफी मागायचीच तर तिथे माग, आणि पुढच्या २० ला त्याला पाच वाजता घरी पाठव.

आता तू न विचारलेलं. ऑफिसला वाटतंय तू घरी, घरच्यांना वाटतंय तू ऑफिसात. अंग टाकायला स्वतःचं घर असताना बागेतल्या बाकावर डबा का उघडलास? माझा अंदाज सांगते. रजा आहे म्हटलं असतंस तर सकाळीच दळण, माळा आणि मुलांच्या कपाटाची आवराआवर तुझ्या नावावर लागली असती. साहेब तरी रजा मंजूर करतो, घरात तो अर्ज द्यायची सोयच नाही.

म्हणून नवऱ्याला खरं सांग. 'दमलेय' म्हणू नकोस, तो गोळी आणून देईल. 'महिन्यातून एक दिवस मी घरात नसेन, कामावरही नसेन, आणि त्या दिवशीचं जेवण तू बघ' असं सांग. कुठे जाणार विचारलं तर अजून ठरलं नाही म्हण.