अल कपोन आणि तुरुंगाचे अधीक्षक

प्रश्न : अमेरिकेतील दारूबंदीच्या काळातील टोळीप्रमुख अल कपोन तुरुंगातही ऐषारामात राहत असे आणि तुरुंगाचे अधीक्षक त्याच्या मुठीत असत, असे ऐकिवात आहे. त्यात तथ्य किती?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तथ्य आहे, मात्र ते त्याच्या प्रत्येक तुरुंगवासाला लागू पडत नाही. मे 1929 मध्ये फिलाडेल्फियात लपवून शस्त्र बाळगल्याबद्दल कपोनला अटक झाली आणि दुसऱ्याच दिवशी एक वर्षाची शिक्षाही झाली. त्यातले बहुतेक महिने त्याने ईस्टर्न स्टेट या जुन्या तुरुंगात काढले. कैद्याने एकांतात पश्चात्ताप करावा, या हेतूने 1829 मध्ये सुरू झालेल्या या वास्तूत कपोनच्या कोठडीत मात्र गुळगुळीत टेबल, त्यावर दिवा, भिंतींवर चित्रे आणि वॉल्ट्झचे सूर ऐकवणारा मोठा रेडिओ असल्याचे वर्णन त्याच वर्षी एका स्थानिक वृत्तपत्राने छापले. वार्ताहराने त्यात थोडा रंग भरला असेलही, परंतु अधीक्षक हर्बर्ट स्मिथ यांच्या संमतीवाचून एवढे सामान कोठडीत येणे शक्य नव्हते. मार्च 1930 मध्ये सुटकेची वेळ आली, तेव्हा दाराशी ताटकळलेल्या वार्ताहरांना चकवून त्याला आधीच ग्रेटरफर्डच्या तुरुंगात गुपचूप हलवण्यात आले. इतकी काळजी सामान्य कैद्याच्या वाट्याला क्वचितच येते.

ऑक्टोबर 1931 मध्ये प्राप्तिकर बुडवल्याबद्दल त्याला 11 वर्षांची शिक्षा झाली. अटलांटाच्या तुरुंगातही त्याला सवलती मिळतात, अशी ओरड झाली आणि ऑगस्ट 1934 मध्ये त्याची रवानगी सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील अल्काट्राझ बेटावर झाली. तेथील अधीक्षक जेम्स जॉन्स्टन नव्या कैद्यांना स्वतः सामोरे जात. रांगेत शेजाऱ्यांना कोपरखळ्या मारत, ओठांच्या कोपऱ्यातून शेरे मारत आपले पुढारीपण दाखवू पाहणाऱ्या कपोनला त्यांनी तेवढ्याच थंडपणे 85 हा क्रमांक दिला. पुढेही त्याने वेळोवेळी काही ना काही सवलत मागून पाहिली आणि जॉन्स्टन यांनी ती दर वेळी नाकारली. वृत्तपत्रे बंद, महिन्यातून एकच भेट आणि तीही काचेआडून, हे नियम त्यालाही पाळावे लागले. पैसा चारायचा तरी कुणाला, हा प्रश्नच होता, कारण ज्यांना अन्य तुरुंगांत आवरता येत नाही अशांसाठीच हे केंद्र सरकारी कारागृह उघडले होते.

तेथे तो धुलाईखान्यात राबला, कैद्यांच्या वाद्यवृंदात बॅन्जो वाजवू लागला आणि 1936 मध्ये एका कैद्याने त्याला कात्रीने भोसकले. उपदंशाने त्याच्या मेंदूवर परिणाम झाल्यानंतर जानेवारी 1939 मध्ये त्याला तेथून हलवण्यात आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याची सुटका झाली.