पलंगाखालची बॅग

"मॅडम, हे बघा," म्हणत एका मुलीच्या आईने माझ्या टेबलावर सॅक उपडी केली. विजेरी, सेल, शिट्टी, दोरीचं भेंडोळं, बँडेज. "चौदा वर्षांची आहे. पलंगाखाली लपवून ठेवलं होतं हे सगळं. दिवसरात्र जगबुडीच्या कादंबऱ्या वाचते. बंद करू का?"

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मी समुपदेशक. पूर्वी मीही "थोडे दिवस पुस्तकं बाजूला ठेवा" म्हणायचे. मग एक मुलगा पांघरुणात मोबाइलवर वाचू लागला. भीती होती तिथेच राहिली, घरात बोलणं मात्र थांबलं. तेव्हापासून तो सल्ला मी सोडला.

त्या पसाऱ्यात दोन वस्तू वेगळ्या होत्या: जुना चष्मा आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची अर्धी स्ट्रिप.

पुढच्या वेळी मुलगी एकटी आत आली आणि तिनेच माझी परीक्षा घेतली. "अपोफिस माहितीये?" मला अर्धवट माहीत होतं, बाकी तिने सांगितलं. २००४ साली हा लघुग्रह सापडला, तेव्हा २०२९ मध्ये तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता एका टप्प्यावर २.७ टक्क्यांपर्यंत गेली होती. आता पक्कं कळलंय की १३ एप्रिल २०२९ ला तो साधारण ३२,००० किलोमीटरवरून निघून जाईल, आणि निदान शंभर वर्षं तरी त्याच्यापासून धोका नाही. २०२२ मध्ये नासाने डार्ट यान मुद्दाम एका मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या छोट्या लघुग्रहावर आदळवलं आणि त्या छोट्याच्या प्रदक्षिणेचा वेळ साधारण अर्ध्या तासाने कमी झाला, हेही तिला पाठ होतं.

"मग भीती कसली वाटते?"

"त्याची नाही वाटत." जरा वेळाने म्हणाली, "या गोष्टींमधल्या आज्या कुठे जातात?"

मला कळेना.

"म्हणजे, पहिल्या वीस पानांतच म्हातारी माणसं मेलेली असतात. गुडघे दुखणारं कुणीच नसतं. पळायला सोपं ना!"

समीक्षक म्हणून पोरीला पैकीच्या पैकी गुण. मोठी माणसं हटवल्याशिवाय सोळा वर्षांच्या नायिकेला निर्णय घ्यायला मिळत नाहीत, ही या कथांची गरजच असते.

हळूहळू उलगडलं. दोन महिन्यांपूर्वी आजी बाथरूममध्ये पडली होती. घरी ही एकटीच. घाबरून फोनचा पासवर्ड तीनदा चुकला. आजी बरी झाली आणि सगळे म्हणाले, "झालं ना आता, विसर." "मग पुढे काय करायचं?" हे पानोपानी विचारणारी तिला फक्त ती पुस्तकं भेटली.

आईला म्हटलं, बंद काही करू नका, त्यातलं एखादं तुम्हीच वाचा. सॅक दाराजवळ, सगळ्यांना दिसेल अशी ठेवा. मुलं असं वाचून घाबरतात आणि पुन्हा वाचतात, त्यात काही बिघडत नाही. पण झोप उडाली, मैत्रिणी तुटल्या, "सगळं संपणारच आहे, शिकून काय करू" हे आठवडेच्या आठवडे चाललं, तर थांबू नका, परत या. आणि जगायचा कंटाळा आला असं एकदा जरी म्हणाली, तरी त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.

महिन्याने आईचा फोन आला. आजीने सॅक स्वतः तपासली होती. गोळ्यांची तारीख उलटून गेलेली, चष्म्याचा नंबर जुना. "हिच्या भरवशावर राहिले असते तर आंधळीच पळाले असते," म्हणाल्या म्हणे, आणि शिट्टी स्वतःच्या गळ्यात अडकवून घेतली.