मुलगा म्हणतो ‘मी इंग्लिश’, आजोबा रुसले

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. मुलगा अकरा वर्षांचा, जन्म इथलाच. परवा व्हिडिओ कॉलवर त्यानं सांगलीच्या आजोबांना ‘मी इंग्लिश आहे’ असं ऐकवलं. मामंजींनी न बोलता फोन सासूबाईंच्या हातात दिला. हे म्हणतात, ब्रिटिश म्हण, इंग्लिश नको. आणि शाळेत एक मुलगा त्याला म्हणाला, ‘तू ब्रिटिश असशील, इंग्लिश नाहीस.’ त्यात ह्यांची स्कॉटलंडला, एडिंबराला बदली व्हायची चिन्हं आहेत. मुलाला सांगायचं तरी काय?

उत्तर : आधी कागदपत्रांचं उरकून टाकू. इंग्लिश नावाचं नागरिकत्वच नाही. पासपोर्ट मिळतो तो ब्रिटिश, म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स सगळ्यांना मिळून एकच. आणि जन्म इथला म्हणजे मूल आपोआप ब्रिटिश, हाही गैरसमज. १ जानेवारी १९८३ पासून जन्माच्या वेळी आई किंवा बाबा ब्रिटिश तरी लागतात, नाहीतर आयएलआर, म्हणजे इथं कायम राहण्याची परवानगी, मिळालेले. तेव्हा तुम्ही दोघं व्हिसावर असाल, तर मुलाची वेगळी नोंदणी झाली आहे ना, हे आजच बघा. पहिली दहा वर्षं मूल इथंच वाढलं असेल तर तो हक्क त्याला मिळतो.

आता त्या शाळेतल्या पोराचं. तो घरी ऐकलेलं बोलतोय, आणि घरी जे बोललं जातं तेच मोठमोठी माणसंही बोलतात. ऋषी सुनक साउदॅम्प्टनला जन्मले, पंतप्रधान झाले, तरी ते इंग्लिश आहेत का यावर २०२५ मध्ये इथं जाहीर वाद रंगला. वडिलांकडून गोव्याचं मूळ असलेल्या माजी गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांनी तर आपण ब्रिटिश आहोत पण इंग्लिश नाही, असं स्वतःच लिहिलं. ‘ब्रिटिश इंडियन’ सगळे म्हणतात, ‘इंग्लिश इंडियन’ कोणी म्हणताना मी तरी ऐकलेलं नाही.

गंमत अशी की, गोऱ्यांचंही याबाबत काही पक्कं नाही. २०११ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समधल्या ५७.७ टक्के लोकांनी स्वतःला फक्त इंग्लिश म्हटलं. २०२१ मध्ये उरले १४.९ टक्के. मधल्या काळात कोणी धर्मांतर केलेलं नाही. इंग्लंडच्या फॉर्मवर ‘ब्रिटिश’ हा पर्याय वर आणला, हे त्यामागचं एक मोठं कारण. जी गोष्ट रकान्याच्या क्रमानं एवढी हलते, तिचा दाखला अकरा वर्षांच्या पोराकडे कोणी मागू नये.

माझं मत विचाराल तर तुमचा मुलगा इंग्लिश आहे. इंग्लंड पेनल्टीवर हरल्यावर तो जेवत नसेल तर आणखी पुरावा कशाला? पुन्हा कोणी टोकलं तर ‘मी रेडिंगचा आहे’ एवढं म्हणून त्यानं पुढं जावं. रोज चालायला लागलं तर मात्र क्लास टीचरला ईमेल करा, तोंडी सांगून थांबू नका.

मामंजींचा राग मला समजतो. सांगलीकडे पत्री सरकारच्या गोष्टी ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला नातवाच्या तोंडून हे ऐकणं जडच जाणार. पण तुमच्या ह्यांचा उपाय तिथं चालायचा नाही. राज्य तर ब्रिटिशांचंच होतं ना! त्यांना हेही सांगून बघा, की पेशवाई बुडाली तेव्हा पुण्यात रेसिडेंट, म्हणजे कंपनी सरकारचा वकील, असलेला एल्फिन्स्टन स्कॉटिश होता. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ स्कॉटिश, विल्सन कॉलेजचे जॉन विल्सनही स्कॉटिश. समजूत निघेलच असं नाही, पण वाद घालायला विषय मिळाला की आपली वडील मंडळी बोलायला लागतात.

एडिंबराला गेलात तर सगळं उलटं होईल. स्कॉटिश माणसाला चुकूनही इंग्लिश म्हणू नका. १७०७ मध्ये दोन्हीकडच्या संसदा एक झाल्या, माणसं झाली नाहीत. कायदा आणि शाळा आजही वेगळ्या. आणि ज्याला रेडिंगमध्ये ‘तू इंग्लिश नाहीस’ म्हणतात, त्यालाच तिथल्या वर्गात बोलण्याच्या ढबीवरून ‘इंग्लिश’ म्हणून चिडवतील. त्याची तयारी आधीच करून ठेवा.

बाकी आपल्यासारख्यांना स्कॉटिश म्हणवून घेणं मला तुलनेनं सोपं वाटतं. २०१४ च्या स्वातंत्र्याच्या सार्वमतात तिथं राहणाऱ्याला मत होतं, भारतीय पासपोर्टवाल्यालासुद्धा. लंडनला स्थायिक झालेल्या स्कॉटिश माणसाला मात्र नव्हतं.

शाळेचं तेवढं आधी बघा. तिथं प्राथमिक सात वर्षांची असते आणि शेवटी इथल्या ए-लेव्हल परीक्षेऐवजी हायर्स नावाची परीक्षा. इथं सेकंडरीत बसणारा अकरा वर्षांचा मुलगा तिथं पुन्हा प्रायमरीच्या शेवटच्या वर्गात, पी-सेव्हनमध्ये, जाऊ शकतो. इंग्लिश की ब्रिटिश यापेक्षा तो त्यावरूनच जास्त रडेल, तेव्हा बदली पक्की झाली की लगेच तिथल्या कौन्सिलला फोन करून इयत्ता विचारून घ्या.