स्वतःच्या आयुष्यावरची कॉमिक्स झीनच्या, म्हणजे स्वतःच काढलेल्या छोट्या अंकाच्या, रूपात स्वतः छापायची आहेत. झेरॉक्स बरी की ऑफसेट, आणि असा अंक वर्षानुवर्षे चालू कसा ठेवावा?

छपाईचे आधी सांगून टाकतो. दोनशेच्या आत प्रती असतील तर झेरॉक्सच करावी. इतक्या थोड्या प्रतींवर ऑफसेटसाठी आधी बनवाव्या लागणाऱ्या प्लेटचा खर्च निघत नाही. ए४ आकाराचे सहा कागद मधोमध दुमडले की चोवीस पानी अंक होतो. चित्रे ए४ वर काढून ७१ टक्के आकारात लहान करावीत. पातळ शाईच्या छटा यंत्रावर डागाळतात, म्हणून करडेपण रेषांच्या जाळीने साधावे. किंमत कागद, झेरॉक्स आणि टपाल भरून निघेल इतकी ठेवावी, पण अंक फुकट वाटू नये.

तुमच्या प्रश्नातल्या ‘वर्षानुवर्षे’ या शब्दाने मात्र मला लिहायला बसवले. मी चौदा वर्षांत एकतीस अंक काढले आहेत आणि माझे ठाम मत असे आहे की आत्मचरित्रात्मक झीन पैशांवाचून बंद पडत नाही. घरातले काय म्हणतील या धास्तीने ती आतून आटत जाते.

माझे वडील, अण्णा, कोल्हापुरातल्या एका छापखान्यात सव्वीस वर्षे कंपोझिटर होते, म्हणजे धातूच्या अक्षरांचे खिळे हाताने जुळवून मजकूर तयार करत. डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, आल्यावर मालकाने खिळे किलोच्या भावाने मोडीत काढले आणि अण्णांची नोकरी गेली. त्यानंतर सहा वर्षे त्यांनी एका सोसायटीत रात्रपाळीची वॉचमनची नोकरी केली. नातेवाइकांना मात्र ते कुठेसे हिशेब लिहितात असे सांगितले जात असे. त्यांचा रात्रीचा डबा पोचवायला मी जात असे, आणि पाचव्या अंकात मी छापखान्यापासून या डब्यापर्यंतचे सगळे बारा पानांत काढले.

साठ प्रती झेरॉक्स होऊन घरी आल्या होत्या, दुमडायच्या बाकी होत्या. त्या दिवशी दादा घरी आला, त्याने वरची प्रत चाळली आणि सगळा गठ्ठा फाडून टाक म्हणाला. ही गोष्ट त्याच्या सासरी ठाऊक नव्हती. घरातले चव्हाट्यावर मांडायचे नसते, बापाची लाज वीस रुपयांना विकतोस, असे तो आईसमोर बोलला. अण्णा बाहेरून आले, चष्मा लावला आणि उभ्याउभ्याच बाराही पाने वाचली. मग मला म्हणाले, “स्टिक डाव्या हातात असते.”

स्टिक म्हणजे खिळ्यांची ओळ जुळवायची धातूची छोटी चौकट. मी ती उजव्या हातात काढली होती. कंपोझिटर डाव्या हातात स्टिक धरतो, उजव्या हाताने खिळ्यांच्या पेटीच्या खणांतून खिळे उचलतो आणि अक्षरे उलटी धरून डावीकडून उजवीकडे ओळ जुळवत जातो. माझ्या चित्रातल्या माणसाला एक ओळही धड जुळवता आली नसती. अण्णांनी घरातली स्टीलची पट्टी हातात धरून मला दहा मिनिटे ते करून दाखवले. वॉचमनच्या पानांविषयी त्यांनी एवढेच सांगितले की सोसायटीने दिलेली बॅटरी मी काढली आहे त्याहून लांब होती. दोन्ही चुका मी दुरुस्त केल्या, अंक पुन्हा झेरॉक्स केला आणि त्या साठ प्रतींच्या घड्या अण्णांनी स्टीलच्या चमच्याच्या पाठीने दाबल्या. एकोणिसाव्या अंकापर्यंत, म्हणजे ते गेले तोवर, घड्यांचे काम त्यांचेच होते.

दादाचे म्हणणे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही. ज्या नोकरीवर घर चालले ती लपवायची आणि मग आयुष्यावर कॉमिक्स काढायची, तर काढायचे काय? अमेरिकेतल्या जॉन पोर्सेलिनोने १९८९ मध्ये ‘किंग-कॅट’ झेरॉक्सवर सुरू केले आणि त्याचे ८० हून अधिक अंक निघाले आहेत. डास मारण्याची फवारणी करत हिंडण्याची स्वतःची नोकरी हा त्यातल्या त्याच्या उत्तम गोष्टींचा विषय आहे. क्लीव्हलंडमधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात फायली लावणाऱ्या हार्वी पीकरला तर चित्रही काढता येत नव्हते. तो काड्यांच्या माणसांनी पानाचा आराखडा करून देई आणि रॉबर्ट क्रम्बसारखे चित्रकार ते पान रेखाटत. १९७६ पासून पुढची कित्येक वर्षे, साधारण वर्षाला एक, असे ‘अमेरिकन स्प्लेंडर’चे अंक त्याने स्वतःच्या खर्चाने काढले, आणि त्यात ते रुग्णालय व तिथले सहकारी सतत येतात. या दोघांचे अंक टिकले, कारण रोजची नोकरी संपत नाही आणि तिच्याकडे नीट पाहणाऱ्याला विषय पुरून उरतो. तुम्हीही दर महिन्याचे वचन वाचकांना देऊ नका. वर्षाला दोन अंक पुरेत, पण त्यांत तुमची खरी नोकरी, खरे घर आणि खरे पगाराचे आकडे असू द्या.

पाने छापण्यापूर्वी ज्याची गोष्ट आहे त्याला दाखवावीत. त्याच्या वतीने ज्यांना लाज वाटते त्यांची परवानगी मागू नये.

मात्र एक गोष्ट मला मान्य केली पाहिजे. दादा म्हणतो की अण्णा मला नाही म्हणूच शकले नसते, आणि त्यांनी स्टिकविषयी बोलून बाकीचे गिळले. हे मी खोडून काढू शकत नाही, कारण मी त्यांना सरळ विचारले नाही. पाने छापून आणल्यावरच दाखवली. तुम्ही कच्च्या पेन्सिलीतच दाखवा आणि स्पष्ट शब्दांत विचारा. शेजारी आणि सहकारी यांची नावे बदला.

हे उत्तर लिहिण्यापूर्वी मी दादाला फोन केला होता. लिहायचे तर लिही, पण मला चित्रात काढू नकोस, असे तो म्हणाला. ते मी पूर्वीपासून पाळत आलो आहे. आमच्या जुन्या घरातल्या जेवणाचा प्रसंग आला की मी ताटे चार काढतो आणि माणसे तीन.