दुसऱ्या महायुद्धात जीपमागे जोडायचे तो छोटा ट्रेलर पाण्यात खरंच तरंगायचा का?
हो, तरंगायचा. हा अमेरिकी सैन्याचा पाव टनी ट्रेलर. बँटम कंपनीचा टी-३ आणि विलीज कंपनीचा एमबीटी ही त्याची मॉडेलं, दोन्ही जवळपास सारखीच. पत्र्याचा हौदा पाणी आत येऊ न देणारा, त्यामुळे सामानासकट ओढा पार व्हायचा. तळाला पाणी काढायला बुचं होती. पाण्यात उतरण्याआधी ती घट्ट बसलीत ना, हे आधी बघायचं! कच्च्या वाटेवर साधारण २२५ किलो माल जायचा. चाकं जीपच्याच मापाची, म्हणजे एकच स्टेपनी दोघांना चालायची. किती शहाणपणाचा विचार! वाईट वाटतं ते बँटमचं. १९४० मध्ये पहिली जीप त्यांनी बनवली, मोठ्या ऑर्डरी मात्र विलीज आणि फोर्डला गेल्या. बँटमच्या वाट्याला आले हे ट्रेलर.